जमराची नवी टोपी

१

टेकाडावर चढताना मी मनातल्या मनात अरबाबला, म्हणजे मालकाला, शिव्या घालत होतो. खोटं कशाला बोलू? आदल्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर मला झापलं होतं, पाखराला दोन घास जास्त चारले म्हणून. आणि आता सूर्य बुडायला आला तरी स्वारी खाली उतरायचं नाव घेत नव्हती. पंचावन्नाव्या वर्षी वाळूत नडगीपर्यंत रुतत मालकाला जेवायला बोलवायला जायचं, हे काय काम झालं?

वर पोचलो. मुसब्बा अरबाब उताराला पाठ टेकून बसला होता. डावा हात गुडघ्यावर, हातात चामडी मोजा आणि मोज्यावर जमरा. जमरा म्हणजे निखारा. आमच्या तळावरची सगळ्यात देखणी ससाण्याची मादी. डोळ्यांवर नवी लाल टोपी, मान ताठ, पायातला दोर अरबाबच्या बोटांत गुंडाळलेला. बाजूला मीच भरून दिलेला कॉफीचा छोटा थर्मास आडवा पडला होता.

"अरबाब, पोळ्या गार होतायत," मी म्हणालो.

जमराने आवाजाकडे मान वळवली. त्याने वळवली नाही.

मी समोर गेलो. त्याचे डोळे उघडे होते, आणि ओठांच्या कडेला फेस वाळून पांढरा झाला होता.  मी खाली पळायला वळलो.

"तिथेच उभा राहा. पाऊल हलवू नकोस."

खालून सुहैल येत होता. म्हातारा सुहैल पूर्वी पोलिसांसाठी माग काढायचा. आता पलीकडच्या टेकाडाआड उंट घेऊन राहायचा आणि रोज संध्याकाळी आमच्याकडे कॉफी प्यायला यायचा. तो टेकाडाला वळसा घालून, ओणवा होऊन, वाळू वाचत आला. मग एकदा पलीकडच्या बाजूला जाऊन आला. मी तसाच खांबासारखा उभा.

"वर येणारी एक ओळ मुसब्बाची," तो म्हणाला. "दुसरी तुझी, आत्ताची. तिसरी नाही. खाली उतरणारी एकही नाही."

"मग काका, त्याला मारलं कोणी?"

सुहैलने माझ्याकडे पाहिलं. पाहतच राहिला.

"मारलं असं मी कुठे म्हणालो, दाऊद? तू म्हणालास."

२

तोंडाने मला आयुष्यभर अडचणीत आणलंय. बाणकोट सोडून या वाळूत पाखरांची आणि माणसांची पोटं भरता भरता तीस वर्षं झाली, पण जीभ अजून ताब्यात आली नाही.

मुसब्बाला आम्ही खाली आणून तंबूत निजवलं. जमरा सुहैलच्या हातावर होती. दर हिवाळ्याला हे मित्र दहा दिवस इथे येत. घरदार, कचेऱ्या, बायकांची बोलणी सगळं मागे ठेवून नुसती पाखरं उडवायची, एका ताटात जेवायचं आणि कोणाचं पाखरू किती वेगात आलं यावर भांडायचं. यंदा चौघे होते. त्यांतला एक आता चादरीखाली होता.

उरलेल्यांत बुत्ती सगळ्यांत जाडा आणि सगळ्यांत भित्रा. तो गाडी घेऊन फोन लागतो त्या उंचवट्यावर गेला आणि घामाघूम होऊन परत आला.

"पोलीस उद्या दुपारी येतील. रस्त्यावर वाळू आलीय, ती काढल्याशिवाय गाड्या निघत नाहीत. कोणी तळ सोडायचा नाही म्हणाले." मग आवाज उतरवून म्हणाला, "पण पोलीस काय करणार? त्या टेकाडावर जिन आहे. माझी आजी सांगायची. पावलांशिवाय येतो आणि छातीवर बसतो."

"जिन कॉफी करत नाही," थानी म्हणाला.

थानी तिशीतला, तापट. त्याला जमरा हवी होती. मुसब्बाने आदल्या दिवशी हसून 'आधी कोंबड्या पाळायला शीक' म्हटलं होतं. तरी त्याच संध्याकाळी थानीने जमरासाठी नवी टोपी भेट दिली. हरलेल्याने खिलाडूपणा दाखवायचा, ही इथली रीत.

"दुपारी आम्ही सगळे एका ताटात जेवलो," थानी माझ्यावर डोळे रोखून म्हणाला. "आम्हांला काही झालं नाही. वेगळं असं त्याने एकच प्यायलं. त्या थर्मासमधलं. तो कोणी भरला?"

"मी भरला," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"आणि काल त्याने कोणाची सगळ्यांसमोर बिनपाण्याने केली?"

माझी पाचावर धारण बसली. मालक आपल्या हातचं पिऊन मेला, की पहिली मान स्वयंपाक्याची. कोण तो परदेशातला दाऊद, कोण त्याची बाजू घेणार?

"पुरे, थानी." हा खलफान. बू हुमैद म्हणायचे त्याला, हुमैदचा बाप. साठीचा, शांत, पाखरं हाताळण्यात सगळ्यांचा गुरू. तंबूच्या दाराशी बसून तो नेहमीप्रमाणे जडीबुटीवाल्याचं तेल गुडघ्यांना चोळत होता. "दाऊदने काही केलेलं नाही."

मला रडू यायचं बाकी राहिलं.

त्याला बू हुमैद म्हणताना आमच्या सगळ्यांचीच जीभ जड व्हायची. तीन हिवाळ्यांमागे जमरा हरवली होती. तिच्या शेपटीला बांधलेलं, ठावठिकाणा सांगणारं यंत्र गळून पडलं होतं. मुसब्बाने भर दुपारी खलफानच्या मुलाला, बावीस वर्षांच्या हुमैदला, गाडी देऊन पाठवलं. 'पाखरू घेऊनच ये' म्हणाला. गाडी वाळूत रुतली. हुमैद तिसऱ्या दिवशी सापडला. पाखरू परत आलं, हुमैद नाही. तरी खलफान दर हिवाळ्याला येत राहिला, त्याच माणसाच्या ताटात जेवत राहिला. केवढं मन, असं आम्ही म्हणायचो.

"पाखराचं काय?" बुत्ती म्हणाला. "सकाळपासून उपाशी आहे बिचारी. कोणीतरी टोपी काढा, दोन घास चारा."

"राहू दे," खलफान म्हणाला. "एक रात्र उपाशी राहिली तर मरत नाही."

मला नवल वाटलं. दुसऱ्याचं पाखरू उपाशी ठेवा, असं या लोकांच्या तोंडून मी तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. पण मुसब्बा गेला तरी जमराची जबाबदारी माझीच होती. मी सुहैलच्या हातावरून तिला घेतलं. एका हातावर पाखरू असलं की कामाला एकच हात उरतो. म्हणून टोपीची एक वादी बोटांत धरायची, दुसरी दातांत, आणि दोन्हीकडून ओढायचं. पाखरंवाले सगळे असंच करतात. मी मान वाकवली, वादी ओठांत धरली.

"नको!"

खलफान असा ओरडला की तेलाची बाटली त्याच्या हातातून पडली. मी दचकून वादी सोडली.

"मेलेल्या माणसाची चीज तोंडात घालू नये," तो म्हणाला. "बोटांनी काढ."

मी बोटांनी खटपट करून टोपी काढली आणि जमराला लाव्याचं मांस चारलं. तिने डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं. माझे ओठ बधिर झाले होते, जिभेच्या टोकाला मुंग्या आल्या होत्या. भीतीने माणसाचं काय काय होतं, असं मला वाटलं.

३

सकाळी मी नेहमीसारखी वेलदोडे घालून कॉफी केली. इथे कॉफी देणारा उभा राहतो आणि पाहुण्याचा इवलासा पेला भरत राहतो. पाहुण्याने पेला हलवला की समजायचं, पुरे.

मी थानीसमोर गेलो. त्याने पेला उचललाच नाही.

बुत्तीसमोर गेलो. तो म्हणाला, "आज पोट बरं नाही रे, दाऊद," आणि बाहेर बघायला लागला. बुत्तीचं पोट बरं नाही! तीन माणसांचं जेवणारा बुत्ती!

सुरई हातात घेऊन मी तंबूच्या मधोमध उभा राहिलो. तीस वर्षांत माझी कॉफी अशी कधी परत गेली नव्हती. कोणी मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"आण इकडे," खलफान म्हणाला. त्याने एक पेला प्यायला, दुसरा प्यायला, तिसरा प्यायला, मग पेला हलवला. "छान झालीय."

त्या क्षणी त्याने मागितला असता तर मी त्याला जीव दिला असता.

सुहैल दाराशी बसून हे बघत होता. त्याने कॉफी घेतलीही नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मग एकेकाला बाहेर बोलावून तो बोलत बसला. मला जवळच बसवून ठेवलं, म्हणजे मी पळून जाऊ नये म्हणून असेल.

"तू शेवटचं त्याला कधी पाहिलंस?" त्याने बुत्तीला विचारलं.

"निघताना. या इथेच बसला होता. नवी टोपी, वादी कडक, म्हणून तोंडात ओली करत होता. उंट काटे चघळतो तसा चघळत होता आणि गुणगुणत होता. मी म्हटलं, टोपी खाऊन टाकशील. हसला. मग जमराला टोपी घातली आणि गेला." बुत्तीचे डोळे भरून आले. "सुहैल, तो जिनच ना? सांग ना. माणसाने केलं असेल तर मला आज झोप लागणार नाही. जिनाने केलं असेल तरी लागणार नाही."

थानी आला तो गुश्शातच. "टोपी मी दिली म्हणून माझ्यावर संशय? टोपीने माणूस मरतो का? ती तर जमराच्या डोळ्यांवर होती. आणि जमरा धडधाकट आहे."

"टोपी दिल्यापासून कुठे होती?"

"तंबूच्या खांबाला. सगळ्यांसमोर."

"दुपारी सगळे झोपले होते तेव्हाही?"

"तेव्हाही. मी काय राखण बसलो होतो?"

मग खलफान.

"मी झोपलो होतो," तो म्हणाला.

"कोणी पाहिलं?"

"झोपलेल्याला कोण पाहतं?"

"दाऊदवर तुझा एवढा विश्वास कसा, खलफान?"

"वीस वर्षं त्याच्या हातचं खातोय."

"थानीही खातो. बुत्ती तर जास्तच खातो." सुहैल हसला नाही. "तरी आज एकटा तूच प्यायलास."

मला सुहैलचा रागच आला. साऱ्या तळावर एक माणूस माझ्या बाजूने उभा, आणि हा म्हातारा त्यालाच टोचत होता.

खलफान गेल्यावर सुहैलने झग्याआडून मुसब्बाचा थर्मास काढला. झाकण उघडलं, उलटा केला. तळाशी राहिलेले दोन थेंब त्याच्या तळहातावर पडले.

"दाऊद," तो म्हणाला, "यात काही घातलं होतंस का? आत्ता सांग. नंतर उशीर होईल."

आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता त्याने ते थेंब चाटले.

४

मी त्याच्या तोंडाकडे बघत बसलो. किती वेळ, अल्ला जाणे. म्हातारा मेला असता तर माझं काय झालं असतं, हा विचार आधी आला, आणि म्हाताऱ्याचं काय, हा नंतर. माणूस असाच असतो.

"वेलदोडा जास्त झालाय," सुहैल शेवटी म्हणाला.

माझा जीव भांड्यात पडला.

"तुझी कॉफी निर्दोष आहे हे मला कालच कळलं होतं," तो म्हणाला. "वाळूवरून. मुसब्बाची पावलं पहिली दोनशे सरळ आहेत. मग फाकली. मग टाच ओढत गेली, दारू प्यायल्यासारखी. शेवटी तो बसला. थर्मासचं बूड फक्त बसल्या जागी टेकलंय, वाटेत कुठेच नाही. म्हणजे पाय गेले आधी, कॉफी प्यायला नंतर. पाखरं बोलवायचं पिसांचं गाठोडं त्याच्या कमरेलाच बांधलेलं होतं. त्याने जमराला उडवलंच नाही. विष त्याच्या अंगात इथून निघतानाच होतं."

"मग कालच का नाही सांगितलंत? माझं रक्त आटलं इथे!"

"तुझ्यावर संशय होता तोवर दुसरा कोणीतरी निर्धास्त होता." त्याने माझा चेहरा निरखला. "आता मला सांग. काल संध्याकाळपासून तुला काही वेगळं वाटलं? तोंडाला, पोटाला?"

"भीतीने ओठ बधिर झाले होते, काका. जिभेला मुंग्या."

"कधी?"

मी आठवून पाहिलं.

"टोपी काढताना."

सुहैल उठला. खांबाला लटकवलेली लाल टोपी त्याने हातरुमालात घेतली, मुलाला उचलावं तशी जपून. "हे कोणालाही बोलू नकोस. आयुष्यात एकदा तरी तोंड बंद ठेव," एवढंच म्हणाला आणि आपल्या उंटांकडे निघून गेला.

मी चुलीशी बसून राहिलो. तिघांपैकी एक. तिघेही माझ्या पाठीमागे, वीस पावलांवर. मी भाकरीचं पीठ मळत होतो आणि मागे वाळू जरा सरकली की हात थांबत होते.

मग माझ्या मनात आलं की काल मला वाचवलं ते त्या ओरडण्याने. आणि मी पिठात हात तसेच ठेवून बसलो, कारण पुढचा विचार मला करायचा नव्हता.

५

दुपारच्या नमाजानंतर सुहैल परत आला. लाल टोपी त्याच्या हातात उघडी होती, रुमालाशिवाय.

"पोलिसांची गाडी दिसायला लागलीय," तो म्हणाला. "जमराला त्यांच्याबरोबर पाठवावं लागेल. टोपी घालायला हवी. थानी, टोपी तुझी आहे. तूच घाल."

मी 'काका' म्हणायला तोंड उघडलं. सुहैलने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

थानीने जमराला मुठीवर घेतलं. ती फडफडली, मग स्थिर झाली. त्याने टोपी तिच्या डोक्यावर अलगद सरकवली. या कामात हात चांगला होता त्याचा. मग एक वादी बोटांत धरली आणि दुसरीसाठी मान वाकवली. त्याचे ओठ उघडले. त्याच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. रोज शंभरदा करावं तसं तो ते करत होता. मी बुत्तीकडे पाहिलं. बुत्ती नाक खाजवत होता.

मी डोळे मिटून घेतले.

"थांब."

खलफान उठून उभा होता. "तुझे हात कापतायत, पोरा. पाखरू बिथरेल. आण इकडे."

"माझे कुठे कापतायत?" थानी म्हणाला. पण खलफान गुरू. त्याने हात पुढे केला आणि थानीने जमराला त्याच्या मुठीवर दिलं.

खलफानने तिच्याकडे पाहिलं. तिची छाती एका बोटाने खालून वर कुरवाळली, हुमैदला या कलेची पहिली गोष्ट त्याने तीच शिकवली होती. मग त्याने मान वाकवली, वादी दातांत घेतली आणि सावकाश, घट्ट ओढली. सोडली नाही. चघळली.

टोपी बसली. त्याने जमराला खुंटावर ठेवलं, दोर बांधला, गाठ दोनदा तपासली. मग तंबूच्या बाहेर जाऊन मक्केकडे तोंड करून वाळूत बसला, हात गुडघ्यांवर ठेवले आणि मरताना म्हणायचा कलमा म्हणू लागला.

"हे काय चाललंय?" बुत्ती घाबरून म्हणाला. "आत्ताच तर नमाज झाला!"

वारा पडला होता. दूर गाडीचं इंजिन ऐकू येत होतं. खलफानने कलमा तीनदा म्हटला, चौथ्यांदा म्हटला. मग डोळे उघडून आपल्या हातांकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्याचे होते.

सुहैल त्याच्या शेजारी बसला.

"नाही येणार मरण, खलफान. वाद्या मी सकाळीच बदलल्या. जुन्या टोपीच्या घातल्यात. तुझ्या विषाच्या आता माझ्या रुमालात आहेत."

६

गाडी येऊन थांबल्यावर सुहैलने जे सांगितलं ते पोलिसांना पुरावा म्हणून सांगितलं, पण तो बोलत होता आमच्याशीच.

"नवी टोपी आली की मालक वादी तोंडात मऊ करतो. हे आपल्याशिवाय कोणाला सुचणार? सगळ्यांनी त्याला चघळताना पाहिलं आणि कोणालाच काही दिसलं नाही, कारण आपण सगळेच ते करतो. खलफानच्या गुडघ्याच्या तेलात एक मुळी असते. बाटलीबरोबर त्याने मुळीही आणली असणार, आणि दुपारी सगळे झोपले असताना तिचा रस वाद्यांत मुरवला असणार."

"बचनाग," मी पुटपुटलो. आमच्याकडे वैद्य ती ओळखायला जिभेच्या टोकाला नुसती लावून बघायचे, की मुंग्या येतात. मला कालच ओळखायला हवी होती.

"पण तीन गोष्टी तो लपवू शकला नाही. जमराला उपाशी राहू दे म्हणाला, म्हणजे वादीला कोणी दात लावू नये. दाऊदने लावले तेव्हा ओरडला. आणि सकाळी कॉफी एकटाच प्यायला." सुहैल थांबला. "विष कॉफीत नाही, हे पक्कं ठाऊक असलेला इथे एकच माणूस होता. मग मी म्हटलं, ज्याने दाऊदला वाचवलं तो थानीलाही मरू देणार नाही. स्वतः उघडा पडला तरी नाही."

थानीचा चेहरा राखेसारखा झाला होता. "म्हणजे तुम्ही मला..." तो म्हणाला आणि पुढचं गिळलं.

"का पण, बू हुमैद?" बुत्ती लहान मुलासारखा रडत होता. "तीन वर्षं तू त्याच्याबरोबर जेवलास. आम्हांला वाटलं, तू माफ केलंस."

"केलं होतं," खलफान म्हणाला. "पाखरू हरवलं, माणूस पाठवला, माणूस मेला. अल्लाची मर्जी. त्याच्या जागी मी असतो तरी कोणाला तरी पाठवलंच असतं. मी तेव्हा तळावर नव्हतो, मला वाटायचं, जमरा तिसऱ्या दिवशी परत आली. हुमैद सापडला त्या दिवशी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर मला सोसलं असतं.

"गेल्या रमजानात दाऊदने सांगितलं. असंच, बोलता बोलता. तो तिच्या गुणांचं कौतुक करत होता. 'हरवली त्याच दिवशी सूर्य बुडायच्या आधी आपली आपण परत आली, मीच चारलं,' म्हणाला. त्याच दिवशी, सुहैल. माझा मुलगा तेव्हा जिवंत होता. चाळीस मैलांवर, गाडीच्या सावलीत. आणि मुसब्बाने पाखरू परत आल्याच्या आनंदात मेजवानी दिली. त्याला शोधायला गाडी पाठवली दुसऱ्या सकाळी."

मी खाली बसलो. ते खरं होतं. ती मेजवानी मीच रांधली होती. बकरा कापला होता, भात केला होता, आणि ताटं मांडताना माझ्या मनात आलं होतं की हुमैदला कोणी कळवलं का? आलं आणि गेलं. मालकाला विचारायची हिंमत झाली नाही. जिथे तोंड उघडायचं तिथे मी गप्प बसलो, आणि जिथे गप्प बसायचं तिथे बडबडलो. आजही मला या दोहोंपैकी कुठलं पाप जास्त मोठं ते सांगता येत नाही.

"जमराला मारता आलं असतं तुला," थानी हळूच म्हणाला. "तिच्यामुळे झालं सगळं."

"ती परत आली," खलफान म्हणाला. "तिचं काम तिने केलं. तिचा काय दोष?"

पोलीस गाडीशी थांबले होते. त्यातला एक तरुण जरा खाकरला. खलफान उठला, गुडघे धरून, सावकाश.

"दाऊद, कॉफी आहे?"

सुरईत सकाळची होती, त्याच्याशिवाय कोणी न प्यायलेली. मी निखाऱ्यावर गरम केली. इथे कॉफी मागणाऱ्याला कोणी थांबवत नाही.

मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि ओतली. तो प्यायला. पुन्हा ओतली. थानी पुढे आला आणि आपला पेला माझ्यापुढे धरला. मग बुत्तीने धरला. मग सुहैलने. मी सगळ्यांचे भरले आणि परत खलफानकडे वळलो. त्याने पेला पुढे केला.

त्याचा हात इतका थरथरत होता, की पेला पुरे म्हणून हलतोय की नुसताच हलतोय, हे मला कळेना. मी आणखी ओतली.